सतरा मिस्ड कॉल

रेवा आणि ईशान, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. आमच्या मेलबर्नच्या मंडळाच्या दिवाळी अंकात छापून येईल, आणखी चार लोक वाचतील, ते वेगळं. अंक डार्विनला पोचला की आई तुम्हाला वाचून दाखवेल. ईशान अर्ध्यावर उठून जाईल हे मला माहीत आहे. रेवा, तू बस.

आत्ताच का, तर मागच्या महिन्यात तू फोनवर विचारलंस, "आजी, व्हॉट डिड यू अ‍ॅक्च्युअली डू अ‍ॅट वर्क?" शाळेत तू लीगल स्टडीज घेतलंयस म्हणून. मी म्हटलं, "टायपिंग." तू "ओह, ओके" म्हणालीस आणि आपण तुझ्या नेटबॉलकडे वळलो. फोन ठेवल्यावर मला स्वतःचाच राग आला. बावीस वर्षं एका वकिलाच्या ऑफिसात काढली आणि विचारल्यावर एका शब्दात उरकलं. टायपिंग मी केलं, भरपूर केलं. पण त्या खोलीत मी जे पाहिलं त्याने अजूनही माझी मान आदराने खाली जाते, आणि ते टायपिंग नव्हतं.

आमचं ऑफिस क्लेटन उपनगरात होतं, स्टेशनपासून चार मिनिटांवर, एका व्हिएतनामी बेकरीच्या वरच्या मजल्यावर. वकील एकच, फ्रँक. सहा वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर दक्षिण इटलीतून बोटीने आलेला. मी पुण्यात इंग्रजी घेऊन बीए केलं होतं आणि लग्नाआधी एका सॉलिसिटरकडे स्टेनो होते. फ्रँकने मुलाखतीत एकच प्रश्न विचारला, "तुम्ही फाइल कशी लावता?" मी अर्धा तास सांगितलं. तो म्हणाला, "पुरे, सोमवारी या."

आमच्याकडे चोर-दरोडेखोर येत नसत. आमचं काम दिवाणी जबाबदारीचं. एखाद्याच्या निष्काळजीपणामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई कोणी करायची, हा प्रश्न. तो सोडवायला तीन गोष्टी विचारायच्या. काळजी घेणं तुमचं काम होतं का? त्यात तुम्ही चुकलात का? आणि चुकलात म्हणूनच हे घडलं का? तिन्हीची उत्तरं हो आली की मग चौथा, सर्वांत अवघड: नेमकं काय गेलं? हात मोडला, दोन महिन्यांचं काम गेलं, हे सांगता येतं. बाकीचं कसं सांगायचं यावर बावीस वर्षं आमचं ऑफिस चाललं.

माणसं एकेक येत. एक ग्रीक बाई भाजीच्या दुकानात द्राक्षावरून घसरल्या होत्या. ते द्राक्ष त्यांनी बरणीत घालून आठ महिने फ्रीजरमध्ये जपलं, आणि पुरावा म्हणून आमच्या ऑफिसच्या फ्रीजमध्ये माझ्या डब्याशेजारी आणून ठेवलं. फ्रँक रोज जेवणाच्या सुट्टीत केबिनमधून ओरडायचा, "कुमुद, डोन्ट ईट द एव्हिडन्स!"

मग विद्यार्थ्यांची लाट आली. दोन-तीन वर्षांत क्लेटन ओळखू येईना. तीन खोल्यांच्या घरात सात-सात मुलं, ट्रेनमध्ये पंजाबी, तेलुगू, मराठी, आणि बेकरीत रांगेत उभं राहून "भैया, अंडा नहीं है ना इसमें?" दिवसा युनिव्हर्सिटी, मग कारवॉश, पेट्रोल पंप, सुपरमार्केटच्या ट्रॉल्या. कामावर बोटं चेंगरत, पाठी धरत. आमच्याकडे येऊन बसत आणि पहिला प्रश्न ठरलेला असे, "काकू, नाव न लिहिता केस करता येते का?" व्हिसाची भीती. हात बँडेजमध्ये आणि तोंडाने "नो वरीज, काकू, नो वरीज." मी त्यांना बिस्किटं द्यायचे आणि प्रत्येक कागदाची प्रत काढून घ्यायचे. रंगीत पट्ट्या, पानांना आकडे, सुरुवातीला अनुक्रमणिका. कागद नसेल त्या गोष्टीला माझ्या फाइलमध्ये जागा नसे. याचा मला अभिमान होता. तो कसा उतरला ते आता सांगते.

एका मार्चमध्ये दुपारी दोन मुली आणि एक मुलगा जिना चढून आले. मुलगा पुण्याचा, अमेय. मुली हैदराबाद आणि अमृतसरच्या. तिघं एकाच घरात राहत, आणि त्या घरातली चौथी, संघमित्रा, सगळ्यांची मित्रा, आर्किटेक्चर शिकणारी, एका सेमिस्टरसाठी इटलीला गेली होती. उत्तरेकडच्या एका छोट्या गावात. तिथे भर सकाळी फुटपाथवरून चालत असताना एका जुन्या इमारतीच्या सज्ज्याचा दगड सुटला. ती जागच्या जागी गेली. बावीस वर्षांची होती.

"तिचे बाबा नागपूरला आहेत," अमेय म्हणाला. "त्यांना त्या इमारतीच्या मालकाच्या विमा कंपनीचं पत्र आलंय, इटालियनमध्ये. कोणीतरी सांगितलं तुमचे सर इटालियन आहेत."

फ्रँकने पत्र वाचलं, चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं. मग म्हणाला, "हा खटला इथे चालणार नाही. दगड तिथे पडला, तर कायदाही तिथला. पण त्यांना तिथला वकील शोधून देऊ, आणि कागद आपण जमवू." फी विचारायला अमेयने तोंड उघडलं तेव्हा फ्रँकने हातानेच त्याला थांबवलं.

वकील मिळाली ती किआरा, तिशीही न ओलांडलेली. पहिल्या फोनवर फ्रँक मोठ्या ऐटीत तिच्याशी इटालियन बोलला. दोन मिनिटं ऐकून ती इंग्रजीत म्हणाली, "आपण इंग्रजीत बोलू या का? तुम्ही माझ्या पणजीसारखे बोलता." फ्रँकचे कान लाल झाले. बोटीबरोबर आलेली त्याची भाषा बोटीच्याच वयाची होती.

संघमित्राच्या वडिलांना, दिलीपरावांना, मी फोन करायचे. त्यांनी "जय भीम, मॅडम" म्हटलं आणि मी पहिल्या वेळी सवयीने "नमस्कार" म्हटलं. दुसऱ्या फोनपासून जय भीम म्हणायला शिकले. ते पूर्वी नागपूरबाहेर कोळसा खाणीत नोकरीला, बायको नर्स, दोघांच्या पाळ्या. म्हणून मित्रा दहावीपर्यंत नागपूरला आजीपाशी वाढली. आजी शेवंताबाई, सरकारी दवाखान्यातून आया म्हणून निवृत्त झालेल्या. पन्नाशीत रात्रशाळेत लिहायला शिकल्या, आणि शिकल्या त्याच वर्षी नातीला पाटीवर अक्षरं काढून दिली.

आता तिथला कायदा. रेवा, हा भाग तुझ्यासाठी. आपल्याकडे ऑस्ट्रेलियात इमारतीचा तुकडा पडून कुणी गेलं तर मालक चुकला हे बहुधा आपल्याला दाखवावं लागतं. तिथे उलट. इमारत पडली तर मालक जबाबदार, आणि दुरुस्तीत किंवा बांधकामात खोट नव्हती हे त्याने सिद्ध करायचं. मला हे वाचून फार बरं वाटलं. मेलेल्या मुलीला काही सिद्ध करायला लावत नाहीत.

पण मी खरी थक्क झाले ती पुढे. आमच्या व्हिक्टोरिया राज्यातला कायदा दुःखाला हात लावत नाही. डॉक्टरने एखाद्या आजाराचं नाव लिहून दिलं तर त्या आजाराचा विचार होतो, नुसतं दुःख मात्र कशातच धरत नाहीत. इटलीत जवळचं माणूस गेलं की ते नातं तुटणं हेच नुकसान. किआराने प्रश्नांची यादी पाठवली. तुम्ही एकत्र राहत होता का? किती वेळा भेटत होता? आजारपणात कोण बसायचं? सण कुठे व्हायचे? शेवटचं बोलणं काय झालं? मी तिचं मराठी करायला बसले आणि तिसऱ्या प्रश्नाशी माझी पेन्सिल थांबली. इतकी वर्षं मी लोकांना पगाराच्या पावत्या आणि एक्स-रे मागत आले होते. हे कधी कुणाला विचारलं नव्हतं. एका परक्या देशातला न्यायाधीश, ज्याने नागपूरचं नावही ऐकलं नसेल, तो अधिकृतपणे विचारतो आहे की ही मुलगी कोणाची कोण होती.

आई, वडील आणि धाकटा भाऊ यांच्याबद्दल विमा कंपनीने वाद घातला नाही. त्यांचं समजुतीने मिटलं. शेवंताबाईंचं नाव मात्र त्यांनी बाजूला काढलं. म्हणाले, नातं सिद्ध करा.

सिद्ध करणं म्हणजे माझा हातखंडा. मी मित्राची फोनची बिलं मागवली, मेलबर्नची आणि इटलीची. नागपूरच्या आजीच्या नंबरवरचा प्रत्येक फोन पिवळ्या रंगाने रंगवला, तारखांची यादी केली, वर अनुक्रमणिका लावली आणि पाठवून दिली. फोन चारच होते हे मला दिसलं होतं. पण मला वाटलं, काही नसण्यापेक्षा चार बरे. किआरा तेव्हा दुसऱ्या खटल्यात अडकली होती, तिने माझ्यावर विश्वास ठेवून फाइल तशीच पुढे सरकवली.

महिन्याभराने विमा कंपनीचं उत्तर आलं. दोन मुद्दे. एक, त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की आजी-नातवंडांच्या बाबतीत एकाच घरात राहणं हवं, आणि इथे तर दोघींमध्ये समुद्र. आणि दोन, दावेदारानेच दिलेल्या कागदांप्रमाणे चौदा महिन्यांत चार फोन. "यावरून नात्याची जवळीक आपोआप स्पष्ट होते," असं त्यांच्या वकिलाने लिहिलं होतं.

दावेदारानेच दिलेले कागद. म्हणजे मी.

दिलीपराव म्हणाले, "मॅडम, सोडून द्या. आईला मी समजावतो." मागून बाईचा आवाज आला, "काय समजावतं रे? मले पैसे नको. यादीत माहं नाव पायजे. तिले वाढवलं कोनं, दगडानं?"

मग मी ठरवलं की मध्ये कुणी नको, थेट बाईंशीच बोलू. त्यांचा नंबर फाइलमध्ये होताच. सोमवारी फोन केला, त्यांच्याकडे सकाळचे दहा. वाजत राहिला. मंगळवारी केला. बुधवारी केला. प्रत्येक वेळी डायरीत तारीख, वेळ आणि "उत्तर नाही" असं लिहिलं. ती डायरी आजही माझ्याकडे आहे आणि ते पान मला उघडवत नाही.

गुरुवारी दिलीपरावांचा फोन आला. कधी नव्हे तो आवाज चढलेला. "मॅडम, आईच्या मोबाइलवर तुम्ही फोन करता का?"

"हो. उचलत नाहीत म्हणून..."

"ती दोन दिवस जेवली नाही."

मला काही कळेना. मग त्यांनी फोन बाईंकडे दिला.

"कोन, ऑस्टेलियाची बाई का तू?"

"हो, शेवंताबाई."

"तीन घंट्या केल्या तू. तीन पुसल्या माह्या."

"काय पुसलं?"

"वीस होत्या. आता सतरा राहिल्या."

हळूहळू उलगडलं. त्यांचा हँडसेट जुना, बटणांचा. त्यात न उचललेल्या फोनांपैकी शेवटचे वीसच दिसत. एकविसावा आला की सर्वांत जुना निघून जाई. मित्रा गेली त्या दिवशी त्या यादीत वीसच्या वीस तिचे होते. बाईंना ते कुणी दाखवलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच शोधून काढलं. त्या दिवसापासून त्यांनी घरादाराला, शेजारपाजारला, विहारातल्या बायकांना बजावलं: माझ्या नंबरवर कुणी फोन करायचा नाही, दिलीपच्या फोनवर करा. फोन बंद केला तर यादी जाईल या भीतीने बंदही केला नाही. रोज सकाळी चार्जिंगला लावत आणि शेजारी बसून राहत. तीन वर्षं. फाइलमध्ये नंबर दिसला म्हणून तो फिरवणारी मी एकटीच निघाले.

"माफ करा," मी म्हटलं.

"तुले काऊन माफ करू? तुले का मालूम," त्या म्हणाल्या. "पन आता नोको करू."

"पण शेवंताबाई, इतके मिस्ड कॉल का? तुम्ही उचलत का नव्हता?"

आता त्या हसल्या. पहिल्यांदाच. "उचलला तर पैसे नाही लागत का बाई? तुमी शिकलेल्या लोकायले मिस कॉल समजत नाही?"

एक घंटी म्हणजे उठले. दोन म्हणजे घरी पोचले. तीन म्हणजे तू फोन कर, काहीतरी झालंय. नागपूरहून आजी एक घंटी देई: समजलं. उठल्याची एक, परतल्याची दोन, असा रोजचा नेम. क्लेटनहून, मग इटलीहून. पहिल्या आठवड्यात बाईंनी एकदा चुकून उचलला तर पोरगी ओरडली होती, "आजी, उचलला कायले! गेले ना पैसे!" बिलात आलेल्या चार फोनांपैकी पहिला तो. बिलात फक्त उचललेले फोन येतात, रेवा. पैसे न पडलेलं काहीच बिलात येत नाही, आणि त्या दोघींचं सगळं बोलणं तिथेच होतं.

आणि मी पुण्याची, पंचवीस वर्षांपूर्वी इथे आलेली. माझ्या आईला मी रविवारी कार्ड घासून फोन करायचे. मला हे सुचायलाच हवं होतं. माझ्या फ्रीजसमोर बसून बिस्किटं खाणारी ती मुलं दर अर्ध्या तासाला फोन एकदा वाजवून खिशात ठेवत, ते मी पाहत होते. मला वाटायचं, लागत नाही वाटतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही किआराला फोन लावला, स्पीकरवर. फ्रँकने समजवायला सुरुवात केली. "म्हणजे बघ, मुलगी फोन करते, पण म्हातारी उचलत नाही, मुद्दामच उचलत नाही, कारण..." त्यालाच ते विचित्र वाटायला लागलं आणि तो माझ्याकडे बघत थांबला.

पलीकडे किआरा हसत सुटली. "स्क्विल्लो! फ्रँक, हा स्क्विल्लो आहे! शाळेत असताना मी दिवसाला चाळीस करायचे. एकदा वाजवायचा आणि ठेवायचा. म्हणजे, मला तुझी आठवण आली."

"हे कधी सुरू झालं?" फ्रँकने विचारलं.

"तुम्ही बोटीत बसल्यावर."

मग ती गंभीर झाली. "ऐका. आमच्या कोर्टात असा एकही न्यायाधीश नसेल ज्याच्या मुलाने त्याला स्क्विल्लो केलेला नाही. त्या यादीला कुणीही हात लावू नका."

शेवंताबाई आणि किआरा, एकीला दुसरीच्या देशाचा नकाशा दाखवता आला नसता, आणि दोघींना तीच एक खूण ठाऊक होती. मध्ये बसलेल्या आम्हा दोघा शिकलेल्या, व्यवस्थित माणसांनाच ती ठाऊक नव्हती.

टेलिफोन कंपन्यांनी न उचललेल्या फोनांची नोंद कधीच काढून टाकली होती. उरलेला पुरावा फक्त तो हँडसेट, आणि बाई तो द्यायला तयार नव्हत्या. "फोटो काढा. फोन नाही भेटत." मग नागपूरच्या एका नोटरीसमोर, बाईंच्या मांडीवरच, एकेक नोंद उघडून फोटो काढले. तारीख, वेळ, इटलीचा नंबर. सतरा. त्यांच्या वर माझे तीन. ते तीन कोणाचे हे समजावणारं प्रतिज्ञापत्र मला करावं लागलं, आणि माझ्या पूर्ण नावाने मी लिहून दिलं की हे फोन मी केले आणि त्यामुळे आधीचे तीन नाहीसे झाले.

मित्राच्या क्लेटनच्या घरातल्या मुलांनी लेखी जबाब दिले. अमेय तोवर सिडनीजवळ पॅरामॅटाला एका बँकेत आयटीत लागला होता, तिथून ट्रेनमध्ये बसून माझ्याशी बोलला. "काकू, दारातून आत आली की बूट काढायच्या आधी मिस्ड कॉल. आम्ही चिडवायचो, मित्रा, हजेरी लागली का? एकदा बॅटरी गेली होती तर माझा फोन ओढून घेतला. मी म्हटलं, अगं तिकडे कळणार कसं तूच आहेस? तर म्हणाली, दोन घंट्या वाजल्या की कळतं." मी ते जसंच्या तसं लिहिलं. नीटनेटकं करायचा मोह आवरला.

पहिल्या न्यायालयाने घंट्या मानल्या. निकालात लिहिलं की नातं जिव्हाळ्याचं होतं यात शंका नाही. आणि तरीही दावा फेटाळला, कारण छप्पर एक नव्हतं. मी बाईंना दिलीपरावांच्या फोनवर सांगितलं तेव्हा त्या फणकारल्या, "छप्पर? तिच्या छपराखाली तिकडे पन्नास पोट्टे होते होस्टेलात. मंग त्यायलेच आजी म्हना!"

अपील केलं. तिथे अपिलाला वर्षं लागतात. मधल्या काळात विद्यार्थ्यांची ती लाट ओसरली, दुसरी आली, फ्रँकने गुडघा बदलून घेतला, मी निवृत्त झाले. तरी आठवड्यातून एकदा ऑफिसात जायचे, त्या एका फाइलसाठी. किआरा तिकडून वरच्या न्यायालयाचे निकाल पाठवत राही. काही आमच्या बाजूचे, काही विरुद्ध. न्यायाधीश आपापसातच अजून ठरवत होते.

आणि एका दुपारी तिचा मेल आला. आमच्याशी संबंध नसलेल्या एका कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आधीचं मत बाजूला ठेवलं होतं. आजच्या जगात, त्यांनी म्हटलं होतं, आजी-आजोबा आणि नातवंडांचं नातं एका छताखाली राहण्यावर अवलंबून धरता येणार नाही. नातं खरं होतं का, जिवंत होतं का, ते दाखवा. छप्पर हा त्याचा एक पुरावा झाला, त्यावाचून काही अडत नाही. फ्रँक मोठ्याने वाचून इंग्रजीत सांगत होता आणि मध्येच त्याने कागद खाली ठेवला. त्यांची बोट सुटली तेव्हा त्याची आजी धक्क्यावर उभी राहिली होती, हे त्याने मला त्या दिवशी सांगितलं. नंतर त्याने तिला कधी पाहिलं नाही.

मी तो निकाल घरी नेऊन दोनदा वाचला, शब्दकोश घेऊन. तेव्हा तुम्ही दोघं इथून डार्विनला, विमानाने चार तासांवर, गेल्याला सहा महिने झाले होते. कायद्याची पुस्तकं मी जन्मभर चाळली, पण कायदा आपल्याकडे बघतो आहे असं त्या एकाच दिवशी वाटलं.

त्याच धाग्याने आमचं अपील मंजूर झालं. मी नागपूरला दिलीपरावांना फोन केला. बाई ऐंशीला आल्या होत्या.

"नाव आलं का?" त्यांनी विचारलं.

"आलं. शेवंताबाई, संघमित्राची आजी. पहिल्याच पानावर."

"आन् घंट्या?"

"सगळ्या लिहिल्यात. तारीख, वेळ, एकेक."

"सतरा?"

"सतरा."

त्या म्हणाल्या, "कागदावर आल्या म्हंजे आता फोनातून गेल्या तरी चालते. ठेव हा. माह्या नंबरवर कर. मी उचलते."

मी ठेवला. तो नंबर फिरवायला माझा हात धजेना. मग फिरवला. दुसऱ्या घंटीला त्यांनी उचलला. आम्ही तासभर बोललो, मित्रा लहानपणी माती खायची इथपासून.

शेवंताबाई दोन वर्षांनी गेल्या. हँडसेट दिलीपरावांकडे आहे, बॅटरी फुगली, तो आता चालू होत नाही. फ्रँकचं ऑफिस बंद झालं आणि आमच्याकडची फाइल नियमाप्रमाणे नष्ट केली. निकाल मात्र त्या इटालियन गावाच्या न्यायालयात नोंदलेला आहे. त्यात शेवंताबाईंचं नाव आहे आणि सतरा फोनांच्या तारखा आणि वेळा आहेत.